सहा जानेवारीचे बूट

अब्बा, परवा आपल्या लोकांच्या संमेलनात मी पुन्हा तुमची नक्कल केली. जुफैरमधल्या हॉटेलचा तोच हॉल, बिर्याणीची तीच रांग, आणि निवेदकाने माझं नाव घ्यायच्या आतच मागून आरोळी, "ते उंटवालं होऊन जाऊ दे!" ज्या विनोदी लेखकाचं इतक्या वर्षांत लोकांना एकच नाटुकलं आठवतं, त्याने खरं तर धसका घ्यायला हवा. मी मात्र खांद्यावर फडकं टाकलं, कमरेत थोडा वाकलो आणि तुमच्या आवाजात सुरू झालो. हॉल हसला. परतताना गाडीत तुमच्या नातीने विचारलं, "वॉज दादा रिअली लाइक दॅट?" तिला मराठी सगळं कळतं, उत्तरं तेवढी इंग्रजीत येतात. तुम्ही गेलात तेव्हा ती जन्मलीही नव्हती. तिच्याकडे तुमचा एक फोटो आहे आणि माझी नक्कल. फोटो बोलत नाही, त्यामुळे तिचा विश्वास नकलेवर आहे.

तुम्ही मूळचे बोटीवरचे भंडारी, म्हणजे खलाशांचे स्वयंपाकी. समुद्र सोडलात तो इथे आखातात, साहेब लोकांच्या घरी स्वयंपाक करायला. आधी एका अमेरिकन कुटुंबाकडे, मग एका स्पॅनिश कुटुंबाकडे. दुपारच्या सुट्टीत घरी आलात की आपल्या एवढ्याशा स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून, चहाचा कप हातात धरून तुमचं बातमीपत्र सुरू व्हायचं. मला ते अजून ऐकू येतं. तुम्ही सांगताय, "अमेरिकनांचं सगळं घड्याळावर. नोव्हेंबरात टर्की, पंचवीस डिसेंबरला सकाळी उठून झाडाखालच्या भेटींचे कागद टराटरा फाडायचे, दोन दिवसांत झाड कचऱ्यात. खलास! आणि हे स्पॅनिश? ह्यांचा सण उठायलाच तयार नाय. चोवीसला कोळंबी आणि मासळीचं जेवण, ते संपता संपत नाय. अठ्ठावीसला एकमेकांना बनवायचं, पाठीवर गुपचूप कागदाची बाहुली चिकटवायची. एकतीसला बाराच्या बारा ठोक्यांवर बारा द्राक्षं गिळायची. आणि पोरांना मोठ्या भेटी कधी? सहा जानेवारीला! त्या लाल कपड्यातल्या म्हाताऱ्याकडून नाय, तीन राजांकडून. ते उंटावरून येतात. म्हणून पोरं आदल्या संध्याकाळी बूट मांडून ठेवतात, आणि उंटांसाठी पाणी." अम्मी कांदा चिरता चिरता म्हणायची, "इथल्या खऱ्या उंटांना कोण पाणी विचारत नाय, ह्यांना बरं मिळतं." साहेबांच्या घरी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला त्यांचं ते आपल्याला नको असलेलं मांस टांगलेलं असायचं, त्याच्याकडे पाठ करून तुम्ही आठ तास कसे उभे राहायचात, तेही तुम्ही करून दाखवायचात. खरा नकलाकार आपल्या घरात तुम्हीच होतात.

मी तेव्हा अकरा वर्षांचा, इंग्रजी शाळेत जाणारा, म्हणजे सर्वज्ञ. नाताळ मला टीव्हीवरून ठाऊक होता, आणि टीव्हीवरचा नाताळ अमेरिकन होता. त्यात ना द्राक्षं, ना बाहुल्या, ना उंट. "फेकताय, अब्बा," मी म्हणायचो. दोन घरांची खिचडी करून तुम्ही आम्हाला वाढताय, असं माझं ठाम मत होतं.

मग ती सहा जानेवारीची सकाळ. खाली शाळेची बस हॉर्न देतेय. मी घाईत बुटात पाय खुपसतो आणि आत काहीतरी कचकन फुटतं. मोज्याला चिकट लागतं. चंदेरी कागदात दुहेरी गुंडाळलेली बदामाची वडी, मधातली, आपल्या चिक्कीची कुणी श्रीमंत चुलतबहीण असावी तशी. अम्मी कपाळावर हात मारते, "अहो, पायताणात गोड? डोकं फिरलं काय तुमचं?" तुम्ही दारात उभे आहात, हसू आवरून, मी ओरडून आनंदाने नाचेन म्हणून थांबलेले. मी ओरडलो, पण वेगळं. "नोकर तुम्ही आहात त्यांचे, मी नाही!" आणि तो बूट तुमच्या दिशेने भिरकावला. तुम्ही खाली बसून वडीचे तुकडे तळहातावर गोळा केलेत, फडक्याने बूट आतून पुसलात, माझ्यासमोर ठेवलात. म्हणालात, "यल्ला, चल लवकर, बस जाईल."

दहा-बारा वर्षांनी ह्याच सकाळचं मी नाटुकलं केलं. अडाणी भंडारी, ज्याला वाटतं एप्रिल फूल डिसेंबरात येतो आणि सांताक्लॉज उंटावरून. तुम्ही तिसऱ्या रांगेत होतात, इस्त्रीच्या शर्टात. सगळे वळून तुमच्याकडे बघून हसत होते आणि तुम्हीही हसत होतात, जरा उशिरा, दुसऱ्यांचं बघून. गाडीत तुम्ही म्हणालात, "छान केलंस. लोक हसले." मआमीरच्या कारखान्यांच्या चिमण्या मागे पडल्या. मग हळूच, "ती अठ्ठावीस तारीख मात्र खरी आहे हां." मी म्हणालो, "अब्बा, सोडा ना आता. खलास." तुम्ही खरंच सोडलंत. त्यानंतर "साहेबांकडे काय विशेष?" असं अम्मीने विचारलं की तुम्ही "चाललंय" म्हणायचात आणि चहा संपवायचात. आपल्या घरचं बातमीपत्र बंद पडलं ते मी पाडलं.

गेल्या जानेवारीत आमच्या ऑफिसात एक स्पॅनिश बाई रुजू झाली. सहा तारखेला तिने गोल कड्यासारखा केक आणला आणि हौसेने सगळं सांगितलं. राजे, उंट, पाणी, बूट, द्राक्षं. मी विचारलं, अठ्ठावीसला काय असतं? ती म्हणाली, थट्टेचा दिवस, पाठीला कागदी बाहुली लावतात, तुला कसं ठाऊक? माझे वडील सांगायचे, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि केकचा तुकडा भरला. तुमचा शब्द न् शब्द बरोबर होता. हे कळून वर्ष झालं, अब्बा, आणि तरी परवा मी नक्कल केली, कारण लोकांनी मागितली.

गाडीत तुमच्या नातीला मी उत्तर दिलं, "मोअर ऑर लेस." तिने मान हलवली आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं. एवढ्यावर तुमचा निकाल लागला. हे पत्र तुमच्यापर्यंत जायचं नाही. जिच्यापर्यंत जाऊ शकतं ती बाजूच्या खोलीत आहे, आणि मी ते कपाटात, माझ्या जुन्या संहितांच्या खाली ठेवणार आहे. ठेवून द्यायच्या आधी एवढंच. नाटुकल्यात मी भंडाऱ्याला वडी फाटक्या, कुबट बुटात ठेवायला लावतो. सगळ्यात मोठा हशा तिथेच येतो. तुम्ही तसं कधीच केलं नसतं. खाणं पायताणात ठेवायचं म्हणून तुम्ही आधी बाजारातून कोरी जोडी आणलीत, तिचे तळवे अजून जमिनीला लागलेले नव्हते. भेट वडी नव्हतीच, भेट बूट होते. माझे जुने तिथेच बाकाखाली पडले होते. मला ते त्या सकाळीही दिसले होते.