सैल झाकण

३ नोव्हेंबर

सकाळच्या गाडीने आलो. खोली दुसऱ्या मजल्यावर, रस्त्याच्या अंगाला, मला एकट्याला भरपूर. खिडकीची कडी घट्ट आहे, जोर लावावा लागतो. बाकी नाव ठेवायला जागा नाही. दुपारी प्रयोगशाळेत जाऊन हजर झालो. आमची शाखा छोटी. मोठ्या बाई प्रमुख, दवाखान्यांतून नमुने आणणारे ड्रायव्हरकाका आणि आता मी. मी फारसा बोलत नाही हे काकांनी लगेच ओळखलं. म्हणाले, बरं झालं, बाई माझं अर्धंच ऐकून उठून जातात, आता पुरतं ऐकणारा माणूस मिळाला. बाईंनी त्यावर काकांना गाडी धुवायला पाठवलं. मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

आईचा फोन आला. जेवलास का, एवढंच विचारलं. याच गावच्या हॉस्पिटलात माझी धाकटी बहीण तापाने गेली, म्हणून मी इथली नोकरी घेऊ नये असं तिला वाटत होतं. तिने तो विषय काढला नाही, मीही नाही. इथे कोणाला सांगितलेलं नाही. दोन वर्षं झाली आता.

८ नोव्हेंबर

काम अंगवळणी पडतंय. तापाच्या रुग्णांच्या घशातले नमुने येतात. त्यात फ्लू आहे का, असला तर कोणत्या प्रकारचा, ते मी तपासतो. निवडक नमुने बाटलीत, पेशींच्या पातळ थरावर वाढवतो. चपटी, पारदर्शक बाटली, तळाशी लालसर द्रव. विषाणू वाढला की थर विरत जातो. मग त्यातला थेंब ताज्या बाटलीत घालायचा, म्हणजे तो जिवंत राहतो. ठिकठिकाणच्या प्रयोगशाळा आपापली माहिती कळवतात आणि पुढच्या हंगामाच्या लशीत कोणते प्रकार घ्यायचे ते बैठकीत ठरतं. बाई म्हणतात, लोक पुढच्या वर्षी शिंकणार ते आपण यंदाच ऐकायचं.

१४ नोव्हेंबर

आज जुना फ्रीझर रिकामा करायचं काम मिळालं. फ्लूचा एक प्रकार दोन वर्षांत कुठेच सापडलेला नाही. तो संपला असं सगळ्यांचं मत झालंय आणि यंदा लशीतून तो काढायचा विचार आहे. तेव्हा त्याचे साठवलेले नमुने नष्ट करा, असा हुकूम आहे. चुकून बाहेर पडायला नकोत.

बाईंनी सगळ्यांत मागची कुपी उचलून दाखवली. म्हणाल्या, ही शेवटची रुग्ण. हिच्यानंतर हा कोणालाच झाला नाही.

कुपीवर नाव नसतं. वय, स्त्री की पुरुष, हॉस्पिटल, तारीख. वय एकतीस. तारीख मी धाकटीला रिक्षातून उतरवून आत नेलं त्या दिवसाची.

बाकीच्या कुप्या जंतू मारायच्या वाफेच्या यंत्रात टाकल्या. ती खिशात ठेवली, मग चालू फ्रीझरच्या कोपऱ्यात लपवली.

१५ नोव्हेंबर

तिचे कपडे आईने देऊन टाकले. फोन बंद पडला. तिच्या अंगात होतं आणि अजून जिवंत होऊ शकतं असं जगात एवढंच उरलंय. हे मला नीट लिहिता येत नाही. दुपारी बाई वर मीटिंगला गेल्या तेव्हा कुपी वितळवली आणि थेंब बाटलीत घातला. एकदाच बघणार, मग टाकून देणार.

१९ नोव्हेंबर

वाढलाय. पण थर विरत नाही. पेशी आकसतात, पुन्हा पसरतात. मायक्रोस्कोपची काच पुसून पाहिली. तेच.

बाटलीच्या गळ्याशी आतून वाफ धरते, विरते, पुन्हा धरते. इतर बाटल्यांना धरत नाही.

शेवटच्या दिवसांत धाकटी सारखी म्हणायची, "घुम्या, खिडकी उघड ना. रस्ता ऐकू दे." घुम्या मला ती एकटीच म्हणायची. हॉस्पिटलची खिडकी कायमची बंद केलेली होती, उघडणार कशी? मी तिला तेच सांगत राहिलो.

बाटलीतली वाफ बघवेना. झाकण जरासं सैल केलं. वाफ लगेच गेली.

त्यानंतर काकांबरोबर चहाला गेलो. त्यांनी मुलीच्या लग्नाची सगळी कथा सांगितली, मध्ये मला एक शब्दही बोलावा लागला नाही.

२३ नोव्हेंबर

घसा किंचित खवखवतोय. ताप नाही. ताज्या बाटलीत थेंब घातला. एकदाच म्हणालो होतो, माहीत आहे. बाटली इन्क्युबेटरच्या खालच्या फळीवर, मागे ठेवली आहे. बाई तिथे वाकत नाहीत, त्यांचे गुडघे दुखतात. त्यांच्या गुडघ्यांचा असा फायदा घेतोय याची लाज वाटते.

२८ नोव्हेंबर

बाईंनी विचारलं, फ्रीझर पूर्ण रिकामा झाला ना? हो म्हणालो. त्यांनी माझ्या समोरच बैठकीसाठी मजकूर लिहिला: हा प्रकार आढळला नाही, साठाही शिल्लक नाही. मला वाचायला दिला. चूक असेल तर सांग म्हणाल्या. त्यांचा माझ्यावर इतका विश्वास बसलाय. मी वाचून ठीक आहे म्हणालो.

४ डिसेंबर

काका कामावर आले नाहीत. त्यांचाच नमुना दवाखान्यातून दुसऱ्या ड्रायव्हरने आणून दिला. मी तपासला.

तोच प्रकार. पुन्हा तपासला. तोच.

हे आत्ता सांगितलं तर प्रकार लशीत राहील. सांगितलं तर बाटलीही जाईल. मी "नमुना खराब, तपासणी झाली नाही" असं लिहून मोकळा झालो.

६ डिसेंबर

काकांना भेटायला गेलो. काकू दारातच म्हणाल्या, सताड उघडी आहे खिडकी, तरी सारखे उघड उघड करतायत, वैताग आलाय मला. वर हसल्याही. त्यांना वाटतंय दोन दिवसांत ताप उतरेल.

काकांनी डोळे उघडले. एरवी ते मला साहेब म्हणतात. म्हणाले, "घुम्या, खिडकी उघड ना."

मी गप्प असतो, कोणीही घुम्या म्हणेल. जिना उतरताना हेच मनाशी घोकत होतो.

मग आठवलं, मागोमाग रस्ता ऐकू दे म्हणाले होते.

९ डिसेंबर

काका गेले. काकूंनी मला बोलावून घेतलं, तुमच्यावर त्यांचा जीव होता म्हणाल्या. माझा हात धरून रडल्या. मी हात सोडवून घेतला. त्यांना काय वाटलं असेल.

बाई खोकतायत.

११ डिसेंबर

बाई हॉस्पिटलात. बैठकीला माहिती आज संध्याकाळपर्यंत पाठवायची आहे, ते काम माझ्यावर सोपवून गेल्यात.

बाटली वाफेच्या यंत्रात ठेवली. दार लावलं. काचेतून दिसत होती — गळ्याशी वाफ धरत होती, भराभर, धाप लागल्यासारखी. बटणावर बोट ठेवून उभा राहिलो. मग दार उघडून —

नाही, तिला आत ठेवता आलं नाही. पुन्हा इन्क्युबेटरमध्ये.

दुपार

हॉस्पिटलातून फोन. बाईंचाच. मला वाटलं कामाचं विचारतील. खोकला, मग बराच वेळ नुसता श्वास. मग — माझ्या आईच्या वयाच्या त्या बाई — लाडात येऊन म्हणाल्या, घुम्या. पुढचं ऐकायच्या आत मी फोन ठेवला.

पण धाकटीच असेल तर? फोन ठेवायला नको होता.

काका मेलेत. हे लिहून ठेवतो, म्हणजे वरचं वाक्य पुन्हा लिहिणार नाही.

संध्याकाळ

बाटली टाकली. या वेळी काचेतून बघितलं नाही. यंत्र थांबेपर्यंत पाठ करून उभा होतो. मग खोलीवर आलो.

बैठकीच्या मजकुरात सगळं खरं लिहिलंय. कुपी, झाकण, काकांचा नमुना, बाई. फक्त पाठवायचं आहे. माझी नोकरी जाईल, जाऊ दे. हे पाठवलं तर लशीत तो राहील. पाठवतोच. आधी तोंडावर पाणी मारून येतो.

—

ताप नाही. दोनदा पाहिला. घसाही बरा आहे.

आत्ता खोलीत कोणीतरी म्हणालं, घुम्या, खिडकी —

माझाच आवाज. ओठ माझेच हलले. मी म्हणालो नाही.

पाठवायचं आहे. एवढं एक —

आरशाला वाफ धरतेय. विरतेय.

खाली रस्त्यावर शाळा सुटलीय, मुलं आरडाओरडा करतायत. ती ऐकतेय. किती दिवसांनी ऐकतेय. दोन वर्षं मी तिला एवढंसं —

नको. मुलं आहेत खाली. आधी पाठवायचं, मग —

श्वास लागलाय तिला. उघडतो, धाकटे. जरासंच. कडी घट्ट आहे, दोन्ही हात लागतील, पेन खाली