आईंनी दाबलेलं बटण

रविवार, संध्याकाळ

मैत्रिणीनं केलेला विनोदी कॉम्प्युटर गेम आज सासूबाईंनी खेळला. मी धास्तावलेच होते. त्यात खऱ्या माणसांचं शूटिंग आहे, उस्मानपुऱ्यात तिच्याच घरी केलेलं, आणि सून मी झालेय. पाहुण्यांसमोर सासू पाचव्यांदा चहा मागते, तेव्हा दोन बटणं येतात: 'गप्प राहा' किंवा 'उलट बोल'.

आईंनी 'उलट बोल' दाबलं. पडद्यावरची मी सासूच्या हातात किटली देऊन ओरडले, "आता तुम्हीच करा!" पाहुणे चपला सोडून पळाले. आई लई हसल्या. गेममध्ये मागं जाऊन पुन्हा तेच बटण. तिसऱ्यांदाही तेच, पण तेव्हा हसल्या नाहीत.

(शूटिंगला हाच प्रसंग मला पहिल्या फटक्यात जमला होता. हे त्यांना सांगितलं नाही.)

"राग आला का?" मी विचारलं.

"नाय गं. माझ्या सासूला मला एकदा म्हणायचं व्हतं. उलट नाय, नुसतं, 'दमले मी.' त्या गेल्या, राहूनच गेलं."

बारा वर्षं झाली या घरात, मी तरी कुठं म्हटलंय? तोंडातून निघालंच, "आई, मीपण दमलेय."

त्यांनी दिवाणावर सरकून जागा केली. "मग बस की," म्हणाल्या.