सिनेटरची खुर्ची

गुरुजी, परवा नातू म्हणाला, "आबा, तुमच्या त्या अमेरिकेच्या सिनेटरचा फोटो मोबाईलवर शोधून दाखवू का?" मी नको म्हणालो. का, ते तुम्हालाच सांगावंसं वाटलं, म्हणून लिहायला बसलो.

सोनपेठची आपली शाळा. निजामाच्या राज्यात तिला मदरसा म्हणत आणि पुस्तकं सगळी उर्दूत. गावकुसाबाहेरच्या वस्तीतला म्हणून मी दाराबाहेर ओसरीवर बसायचो. एके दुपारी तुम्ही पुस्तक मिटलंत आणि मराठीत त्या माणसाची गोष्ट सुरू केलीत. नामांकित वकील. काळ्या-गोऱ्या लेकरांनी एकाच शाळेत बसावं म्हणून कोर्टात भांडला, पुढं सिनेटर झाला. "म्हंजी निजामानं नेमलेला का, गुरुजी?" मी ओसरीवरून ओरडलो. "न्हाई रं, त्याच्या मुलखानं निवडलेला." माणसांची खरेदी-विक्री बंद करा, असं तो भर सभेत बोलला, म्हणून एका विरोधकानं त्याला तिथंच काठीनं बेदम मारलं. कितीतरी दिवस तो सभेत येऊ शकला नाही. तरी मुलखानं पुन्हा त्यालाच निवडलं आणि त्याची खुर्ची रिकामी ठेवली. बरा होऊन आला, तर गडी पुन्हा तेच बोलला! एवढं सांगून तुम्ही माझ्याकडं बघितलंत. "तू का रं बाहीर बसलास? आत ये." मी आत आलो आणि तुमच्या खुर्चीसमोर, पहिल्या रांगेत बसलो.

मग तुम्ही निजामाविरुद्धच्या सत्याग्रहात गेलात, परभणीच्या तुरुंगात पडलात. तुमच्या जागी म्हातारे मौलवीसाहेब आले. मला वाटलं, आता पुन्हा ओसरी. ते तुमची खुर्ची ओढायला लागले तसा मी मधे उभा राहिलो. "साहेब, ही आमी रिकामी ठेवलीय. आमचे गुरुजी येणार हायत." त्यांनी खुर्चीवरचा हात काढला. "आते क्या तुम्हारे उस्ताद?" "येतेत, साहेब." "तो ठीक है, बेटा. तू बैठ अपनी जगह पे." आणि स्वतः खिडकीच्या कट्ट्यावर टेकले. तुम्ही येईपर्यंत त्यांनी तिथूनच शिकवलं. अपनी जगह! गुरुजी, छाती अशी फुगली होती म्हणून सांगू.

निजामाचं राज्य गेलं, तुम्ही सुटून आलात. वाळलेले, लंगडत. खुर्चीवर हात फिरवून म्हणालात, "धूळ कशी न्हाई रं हिच्यावर?" "रोज पुसायलोत की, गुरुजी." तुम्ही धोतराच्या सोग्यानं डोळे टिपलेत आणि कुठवर शिकून झालंय ते विचारलंत. पुढं मी जिल्हा परिषदेवर निवडून आलो, हार पडले, गुलाल उधळला गेला. पण त्या दिवसाइतका अभिमान मला कधी वाटला नाही.

तुम्ही गेलात, आता पत्र कुठं धाडणार? हा कागद घडी घालून माझ्याकडंच ठेवणार आहे. तरी एक कबूल करतो. सिनेटरचं नाव तुम्ही सांगितलं होतंत, ते मी केव्हाच विसरलो. आठवायला गेलो की तुमचाच चेहरा समोर येतो, तुमचंच नाव ओठांवर येतं.