पहिली सही

मु. शिंपलखार, ता. पेण
२ ऑगस्ट १९९८

प्रिय हौसा हीस,

मैनाचा नमस्कार. इकडे सर्व खुशाल, तिकडची खुशाली कळवणे. एवढं लिहिलं की पत्राची रीत पुरी झाली. पुढचं सगळं रीत सोडून आहे.

हे पत्र तू स्वतः वाच. कोणाकडून वाचून घेऊ नकोस, नवरा असले तरी काळुरामभावजींकडूनही नको. जोडाक्षराला अडलीस तर तोंडातल्या तोंडात दोनदा म्हण आणि पुढे जा. विहिरीच्या काठावर मी हेच सांगायचे आणि तू वैतागून म्हणायचीस, "गो, अक्षराच्या डोकीवर परत अक्षर कशाला? आपल्या हंड्यावर कळशी हाय ती कमी हाय का?"

लावणी आटपली. यंदा खाडीचं पाणी बांध ओलांडून आलं नाही. सासूबाईंची कंबर तशीच. आमच्या ह्यांनी पेणहून मिक्सर आणला, त्यामुळे पाटा आता अंगणात पालथा पडलाय. गॅस आहे, टीव्ही आहे. मी सुखात आहे असं सगळे म्हणतात. मीच कशाला नाही म्हणू?

पुतळी रोह्याच्या बाजारातून परतताना तुझी चिठ्ठी घेऊन आली. सुक्या जवळ्याच्या पाटीत ठेवली होती, अजून वास येतो. दोनच ओळी. 'मैना बरी हाय का. पानी येता का.' अक्षर वाकडं, पण एकही काना सुटलेला नाही. मी ती चिठ्ठी तांदळाच्या डब्यात ठेवली आणि दोन दिवस डबा उघडला की माझा हात थांबायचा.

पाणी येतं, हौसा. रोज सकाळी सात ते आठ, थेट मोरीत.

तुला आठवतं ना, एप्रिल-मेमध्ये टेकडीखालच्या विहिरीचा झरा भरायला तास-तास लागायचा. चाळीस बायका हंडे रांगेला लावून बसायच्या. तेवढ्या वेळात मी वाळूत काडीने 'ग म भ न' काढायचे. सुरुवातीला सगळ्या हसल्या. मग आपण नळासाठी अर्ज केला आणि मी म्हटलं, अंगठे नकोत. एक्केचाळीस बायकांच्या सह्या झाल्या. पहिली माझी, दुसरी तुझी. 'हौ'च्या दोन मात्रा तू इतक्या जोरात काढल्यास की कागद फाटला. पेणच्या कचेरीतला साहेब म्हणाला होता, "खारेपाटातल्या बायका सही करतात?" आपण येताना एसटीत केवढ्या हसलो होतो!

नळ आला तेव्हा पहिला नारळ मीच फोडला. सासूबाई तोटीखाली हात धरून रडल्या. चाळीस वर्षं डोक्यावरून पाणी आणलं त्या बाईने. नळ आला ते वाईट झालं असं मी कधीच म्हणणार नाही. म्हटलं तर माझी जीभ झडेल.

पण त्याच दिवशी हे म्हणाले, "आता बाईमाणसाला उंबरा ओलांडायचं कारण उरलं नाय. सगलं दारात आणून दिलंय." कौतुकाने म्हणाले, ओरडून नव्हे. सासूबाईसुद्धा म्हणाल्या, "मी जन्मभर वणवणले, तू तरी घरात बस गो." मायेनेच म्हणाल्या. मी कोणाशी भांडू? महिनाभराने मी विहिरीकडे निघाले तर हे हसले, "कशाला? नल बिघाडलाय का?" देवळात शिकवते म्हटलं, तर लोक काय म्हणतील. तुमच्या घरी बसते म्हटलं, तर हौसाचं तुझ्यावाचून काय अडलंय. विहिरीवर जायला कधी कोणाची परवानगी लागली नव्हती. तहान लागते हे कारण कोणालाच मोडता आलं नव्हतं.

तुम्ही गावात होतात तोवर तुमचं घर आमच्यापासून तीस पावलांवर. नळ आल्यावर आपण किती वेळा बोललो ते सांग पाहू. वाळूतली अक्षरं तर बाकीच्या जणी केव्हाच विसरल्या. मालूने परवा बँकेच्या कागदावर अंगठा दिला, माझ्या देखत. मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि मग माझ्याच.

आता ते लिहिते, ज्यासाठी बसलेय.

भावजी पंचायतीचे पाणीवाले. नळाचं पाणी सोडायच्या वॉलची ती हातभर लांब लोखंडी चावी दुपारी जेवायला जाताना आमच्याच पडवीत खुंटीला लावायचे, कारण वॉलचा खड्डा आमच्या समोर. एप्रिलची सतरा तारीख. हे पेणला गेले होते, सासूबाईंचा डोळा लागला होता. मी भांडी घासून मोरीत उभी होते आणि तोटीकडे बघत होते. मला एवढंच वाटलं की एक दिवस पाणी येऊ नये. एकच दिवस. मी चावी काढली, खड्ड्यात उतरले आणि वॉल घट्ट आवळला. पण आवळलेला वॉल भावजी दुसऱ्या सकाळी उघडणारच. म्हणून गिरणी आल्यापासून कोपऱ्यात पडलेलं मुसळ आणलं, चावीच्या दांड्यात घातलं आणि सगळा जोर लावून पिळलं. आत काहीतरी कट्‌कन तुटलं. मी चावी पुसून खुंटीला लावली, मुसळ जागेवर ठेवलं आणि चहाचं आधण ठेवलं.

वॉल मी तोडला, हौसा.

नवा वॉल ठाण्याहून यायला आठ दिवस गेले. ते आठ दिवस तूही विसरली नसशील. पुन्हा सगळ्या जणी विहिरीवर, पुन्हा वाळू, पुन्हा काडी. तू मला तुझ्या मुलीच्या पुस्तकातला अख्खा धडा वाचून दाखवलास. मी इतकी सुखात होते की म्हाताऱ्या बायकांच्या डोक्यावरचे हंडे मला दिसलेच नाहीत. माझ्या सुखाचं पाणी त्या वाहत होत्या.

नवव्या दिवशी आमच्याच ओटीवर पंचायत बसली. भावजी टँकरवाल्याला सामील आहेत असं कोणीतरी म्हणालं. मी चहाचा ट्रे घेऊन दारात आले तेव्हा भावजी सांगत होते, "मी नाय तोडला. चावी दिनूशेटच्या पडवीत व्हती." त्यावर आमचे हे म्हणाले, "मंग काय आमच्या घरच्या बायकांनी तोडला?" सगळे खो-खो हसले. भावजीही ओशाळून हसले. हौसा, मी काही बोलले असते तरी त्यांना ते खरं वाटलं नसतं. असं मी सव्वातीन महिने स्वतःला सांगते आहे. खरं एवढंच की मी घाबरले. मी एकेकाला चहा दिला. भावजींनाही दिला.

भावजींचं काम गेलं, मग तुम्ही घराला कुलूप लावून रोह्याला गेलात. भावजी कंपनीत पोती उचलतात, खांदा सोलून निघालाय, असं पुतळी सांगते. आणि तू मला विचारतेस, पाणी येतं का.

ह्यांच्या चुलतभावाला, रघूला, पाणीवाला म्हणून तात्पुरतं ठेवलंय. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत त्याचं नाव कायम होणार. एकदा ते झालं की भावजींना गावात परतायला जागाच राहणार नाही. म्हणून पत्रासोबत दुसरा कागद ठेवलाय. त्यात तारीख, वेळ, चावी, मुसळ, सगळं आहे. शाळेत ग्रामसभा भरेल तिथे ये आणि तो वाच. भावजींनी नव्हे, तू वाच. उभी राहून, मोठ्याने. आजवर तिथे बाईचा आवाज निघालेला नाही. मी स्वतः आले असते, पण त्या दिवशी पन्नास माणसांचा चहा माझ्याकडे आहे आणि घरातून शाळेपर्यंत जायचं कारण मला अजून सापडलेलं नाही.

पुढे माझं काय होईल ते मला ठाऊक आहे. हे मारणार नाहीत, तसे नाहीत ते. बोलायचे बंद होतील. पडवीलाही दार लावतील. गागोद्याला भावाकडे जावं तर तो दुसऱ्याच दिवशी एसटीत बसवून परत पाठवेल. सासूबाई मुसळाकडे बघतील, मला त्याचीच जास्त भीती आहे. तरी वाच. माझी दया आली तर मनातल्या मनात शिव्या दे, दया जाईल.

पुतळी उद्या पाटी घेऊन रोह्याला निघेल. तिला वाचता येत नाही, चौथ्या अक्षरावर सोडून गेली ती. आज प्रथमच मला त्याचं बरं वाटलं आणि लगेच लाजही वाटली.

नळाच्या अर्जावर एक्केचाळीस सह्या होत्या. या कागदावर एकच आहे. तुझा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून सांगते, माझ्या खाली दुसरी सही करू नकोस.

तू अजून म्हणू देशील तर तुझी,
मैना

कागदावर पूर्ण नाव लिहिलंय: मैना दिनानाथ मोकल. वाचताना नावाशी अडखळू नकोस.