नागलीचं पीठ

रविवार, १२ ऑगस्ट २००१, संध्याकाळ

आज वन्संना बोलायला लावलं. चांगलं केलं की वाईट, ठाऊक नाही. पण जीव गार झाला.

लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी मी सगळ्यांसाठी नागलीची आंबील केली होती, माहेरी, पेठ तालुक्यात, करतात तशी. वन्संनी वाटी पुढे ढकलली आणि पाहुण्यांसमोर म्हणाल्या, "हे तर गुरांचं खाणं!" तेव्हापासून या घरात नाश्ता म्हणजे ब्रेड नाहीतर फरसाण. सहा वर्षं.

आता वन्संनाच साखर निघाली. डॉक्टरांनी सकाळी नागली घ्या म्हणून सांगितलं. मंगळवारी त्यांचा त्यांच्या घरून फोन, "पटकन होईल असं काहीतरी सांग ना गं." मी म्हटलं, "रविवारी सगळे जेवायला आहेत, तेव्हा विचारा." मुद्दामच.

आज त्यांनी खरंच सगळ्यांसमोर विचारलं. मी म्हटलं, "पण त्या पहिल्या सकाळी तुम्ही माझ्या आंबिलीला काय म्हणाला होतात?"

वन्सं खाली बघत म्हणाल्या, "गुरांचं खाणं."

मग मी भाजलेल्या पिठाचा डबा त्यांच्या हातात दिला. ताकात कालवायचं, पाच मिनिटं शिजवायचं, बस.

त्या गेल्यावर हे चिडले. "आजारी बाईला एवढं लाजवायची काय गरज होती?"

मी म्हटलं, "त्या दिवशी सगळ्यात मोठ्यांदा तुम्ही हसला होतात."

वन्संना मी आता माफ करीन बहुतेक. यांना इतक्यात नाही.