पट्टीचा पोहणारा

रेणापूरजवळून, तारीख ८

तीर्थस्वरूप बसवराजआप्पांच्या पायी धाकटा साडू धोंडप्पा याचे शरणार्थ. रत्नम्माअक्कांच्या गुडघ्यांची सूज आता उतरली असेल, आश्रमशाळेतल्या पोरांनी तुमचं डोकं शाबूत ठेवलं असेल आणि किनवटच्या जंगलात अजून थोडंफार पाणी असेल, असं धरून चालतो. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. (सगळे म्हणजे मी सोडून.)

आप्पा, या भानगडीचं मूळ तुम्ही आहात, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढं वाचताना तुम्हाला माझी दया येईल. बारा वर्षांमागं मुलगी पाहायला मला तुम्हीच नेलंत. सासरेबुवांनी विचारलं, पोराला काय येतं? मॅट्रिक नापास, दुकानात डाळ तोलणारा मी. सांगण्यासारखं काही नव्हतं. तुम्ही घाईत म्हणालात, "पट्टीचा पोहणारा हाय." सासऱ्यांच्या मळ्यात केवढी विहीर आहे ते तुम्हाला ठाऊक होतं, मला नव्हतं. तेव्हापासून दर दिवाळीला जावयाचा सूर बघायला सगळी भावकी काठावर येऊन बसते आणि दर दिवाळीला मला सर्दी होते. महादेवीला (म्हणजे तुमच्या धाकट्या मेहुणीला) यातलं काही माहीत नाही. तिनं माझं कौतुक करावं अशी संसारात एवढी एकच गोष्ट आहे, आणि ती खोटी आहे.

उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा आम्हाला वाटलं, साहेब जवळ आले, आता नळ येतील. नळ आले नाहीत, कागद आले. यंदाच्या असल्या दुष्काळात ग्रामसेवक मन्मथ एक कागद घेऊन आला: लोक बुडून मरू नयेत म्हणून गावोगाव पाणी-सुरक्षा समिती काढा, अध्यक्ष पोहणारा हवा. लोक आधी हसले, मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. (सासरेबुवांनी चार गावांत सांगून ठेवलंय ना!) महादेवी पदर तोंडाला लावून खाली बघत होती; अभिमानानं असणार. कागदात पहिलीच सूचना होती की पाणी दिसल्यास मुलांनी तत्काळ मोठ्यांना कळवावे. आमच्याकडे पोरं कळवतातच हो, आणि मोठी माणसं घागरी घेऊन पळत सुटतात.

पण विषय हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. गावची विहीर आटली म्हणून यंदा ती आणखी दोन परस, म्हणजे दोन माणसं उभी बुडतील इतकी, खोल केली. टँकर येतो तो तिच्यातच रिकामा होतो, आणि शंभर बायका दोर-घागरी घेऊन एकदम काठावर. कठडा नाही. (त्याचे दगड सरपंच अण्णारावांच्या गोठ्याला लागलेत, त्यामुळे बैल मात्र अगदी सुरक्षित आहेत.) मागं एकदा सिंधु, आमची शेजारीण, दोरासकट अर्धी आत गेली होती, पदराला धरून ओढली म्हणून वाचली. महादेवीही रोज त्याच काठावर उभी असते, आणि तेवढा वेळ माझं तोलण्यात लक्ष लागत नाही. म्हणून ठरवलं, रांग लावायचीच.

मागच्या बुधवारी महादेवी बाजाराला गेली होती. मी शाळेतली शिट्टी गळ्यात अडकवून काठावर उभा राहिलो. टँकरनं पाणी सोडलं, बायका घुसल्या, मी जोरात शिट्टी फुंकली. टँकरवाल्याला वाटलं, गाडी आणखी मागं घ्यायला सांगतायत. त्यानं घेतली. मी दोन पावलं मागं सरकलो. तिसऱ्या पावलाला जमीन नव्हती.

आत पडल्यावर एक हात गळ्यातल्या इष्टलिंगावर गेला, दुसरा धोतरावर. पोहायला तिसरा हात देवानं दिलेला नाही. वरून टँकरचं पाणी डोक्यावर पडतच होतं. खरं सांगतो आप्पा, लई भ्यालो. महादेवी आठवली, दुकान आठवलं. (दुकान आधी आठवलं, पण एवढं वाक्य अक्कांना वाचून दाखवू नका.) तेवढ्यात सत्तरीची चतुराबाई वरून ओरडली, "आरं मुडद्या, धोतर सोड अन् डबा धर!" तिनं बूच लावलेला रॉकेलचा रिकामा डबा दोराला बांधून खाली टाकला होता. मी धोतर सोडलं, डबा धरला. नऊ बायकांनी मला वर ओढला. धोतर मागाहून निघालं.

वर आल्यावर गप्प बसलो असतो तर काही बिघडत नव्हतं. पण समोर मन्मथ उभा. माझ्या तोंडून निघून गेलं, हे प्रात्यक्षिक होतं. बुडणारा माणूस कसा दिसतो ते बायकांना कळायला नको? त्या बिचाऱ्यानं तसंच वर लिहून कळवलं. लातूरच्या साहेबांना ते इतकं आवडलं की वीस तारखेला ते स्वतः बघायला येणार आहेत. गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत अजून तीन परस हिरवं पाणी आहे. तिथं अध्यक्षांनी उडी मारून एका बुडणाऱ्याला बाहेर काढून दाखवायचं आहे.

बाकी सर्व ठीक. अक्कांना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

आपला,
धोंडप्पा (अध्यक्ष)

ता. क. – अठरा तारखेला तार करावी: 'बसवराज सीरियस, लगेच निघा.' अक्कांना आजारी पाडू नका, माझा जीव होत नाही. तुमची तब्येत दणकट आहे, तुम्हाला काही होत नाही.

ता. क. – तार दुकानाच्या पत्त्यावर करा. घरी आली तर महादेवी रडत माझ्याआधी गाडीत बसेल.

ता. क. – दाजी, मी महादेवी. हे पत्र चिकटवायला ह्यांनी माझ्याकडंच दिलं. ह्यांना पोहता येत नाही हे मला लग्नाच्या वर्षीच कळलं होतं. मांजरा नदी ओलांडताना गुडघाभर पाण्यात माझा दंड घट्ट धरून मलाच "भिऊ नको" म्हणत होते. बोलले नाही, कारण ही थाप ते माझ्यासाठीच मारतात. पण चतुराबाईनं विहिरीचं सांगितलं तेव्हा ठरवलं, आता पुरे. तुम्ही तार करू नका. मोठे वाळके भोपळे दोन पाठवा, ह्यांच्या पाठीला बांधायचेत. अण्णारावांना सांगून आले, "कठड्याचे दगड परत आणा, न्हाईतर साहेबांना आधी तुमचा गोठा दाखवते." काल दोन गाड्या दगड आले. वीस तारखेला खाणीत उडी मी मारणार आहे (बाबांच्या मळ्यातल्या विहिरीत मी लहानपणीच पोहायला शिकले), मन्मथला तसं कळवलंय. बुडणाऱ्याचं काम ह्यांना दिलंय. त्याचा ह्यांना सराव आहे.