आधी कायदा, मग रक्त

१ जानेवारी २०२५, बुधवार. सकाळी ७.

नवी डायरी. संकल्प: चहा दिवसातून दोनदाच. रोज कालव्याच्या कडेनं चालणे. अक्षर सुधारणे. (मागच्या डायरीतलं दिवाळीनंतरचं माझं मलाच लागत नाही. पेन बदलला आहे.)

सकाळीच एक कप फुटला. नाताळात घेतलेल्या सेटमधला. विजयमाला म्हणाली, अहो, वर्षाच्या पहिल्याच दिवशी? मी म्हणालो, हल्ली कपांना कान नावालाच ठेवतात, बोटच आत जात नाही. ती तुकडे गोळा करून गेली. बायकोला कपांविषयी सांगून उपयोग नसतो.

५ जानेवारी, रविवार.

आराधना पुण्याहून आली. आमची एकुलती एक. बँकेत आहे. १४ मेला लग्न, नगरच्या स्टीफनसाहेबांच्या रॉबिनशी. चर्चहून आल्यावर म्हणाली, पप्पा, बसा जरा. पोरं असं म्हणाली की समजावं, आपली शाळा घेणार.

विषय माझ्या श्रीरामपूरच्या चुलतभावाचा. त्याला डॉक्टरांनी हंटिंग्टन नावाचा आजार सांगितलाय. हातपाय आपोआप हलतात, तोल जातो, पुढे डोकंही जातं. औषध नाही. रक्तातून उतरतो म्हणे. आराधनाचं म्हणणं, आपल्या आजोबांनाही तोच असणार. मी म्हणालो, बापूंची गोष्ट वेगळी. बापूंचे हात हलायचे, चालताना झोकांड्या जायच्या, गाव म्हणायचं भिंगारदिवे मास्तर पितात. थेंबाला शिवले नव्हते बिचारे. ती नसांची कमजोरी होती. आई त्यांना चहा अर्धा पेलाच द्यायची, सांडू नये म्हणून. एवढाच का, असं विचारलं की म्हणायची, पाहिजे तर परत देते. बस, एवढंच.

पुण्याच्या डॉक्टरांनी तिला सगळं समजावलंय. आधी बापाचं रक्त तपासा. बापाला नसेल तर मुलीला येणारच नाही, विषय संपला. आणि मुलीला निघाला तर बापाला आहेच, वेगळं तपासायला नको. लग्नाआधी तिला हे माहीत करून घ्यायचंय. रॉबिनला जे काही सांगायचं ते ती स्वतः सांगणार, तिच्या तोंडानं. म्हणाली, पप्पा, नुसतं रक्त द्या.

रक्त द्यायला भितो कोण? पण रक्तातली माहिती बाहेर फुटली तर? विमावाले, नोकरीवाले, सोयरीकवाले टपलेलेच असतात. त्यांना अडवणारा कायदा आहे का आपल्याकडे? मोबाईलवर शोधलं. अमेरिकेत राज्याराज्यात असे कायदे आहेत, एका राज्यात तर आयुर्विमावाल्यांनासुद्धा बंदी. आपल्या राज्यात काही सापडलं नाही. तेव्हा माझं ठरलं: आधी कायदा, मग रक्त.

आराधना माझ्या हाताकडे बघत होती. मी हात खिशात घातला. थंडी होती.

१२ जानेवारी, रविवार.

कायदा कोणी करत नाही म्हणून रडत बसण्यापेक्षा स्वतः करावा. मसुद्याला सुरुवात. 'महाराष्ट्र जनुकीय गोपनीयता व भेदभाव प्रतिबंध अधिनियम'. नाव वाचूनच विजयमालाला जांभई आली, म्हणजे नाव सरकारी झालंय.

हे काम माझ्याइतकं कोणाला जमणार? राहुरीच्या विद्यापीठात आख्खी नोकरी बियाणे विभागात काढली. हेडक्लार्क असलो तरी जनुकं म्हणजे काय ते मला शिकवायला नको. माझा मुख्य मुद्दा: बियाण्याच्या पिशवीवर लेबल लावलं नाही तर गुन्हा, माणसाच्या पाठीवर लेबल लावलं तर गुन्हा झाला पाहिजे. हे वाक्य विधानसभेत बाकं वाजवून घेणार.

कलम १. कोणाच्याही रक्तातली माहिती त्याच्या परवानगीशिवाय कोणालाही सांगता येणार नाही. वाचून बघितलं. मिळमिळीत वाटलं. पुढे घातलं: 'अगदी आईबापालाही'. आता धार आली. ठळक टाईपात घेणे.

२१ जानेवारी, मंगळवार.

चालण्याचा संकल्प स्थगित. कालव्याच्या रस्त्यावर पडलो. शेजारचे काकासाहेब उसाला पाणी धरायला निघाले होते, त्यांनी उठवलं. म्हणाले, भाऊसाहेब, लई वाकडंतिकडं चालत हुता, मी लांबून बघत हुतो. मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, सकाळी सकाळीच का? तुमी तर चर्चचं मानूस हाय.

मला! ज्याच्या घरात खोकल्याचं औषधसुद्धा वास घेऊन पितात! असा संताप आला की घरी येऊन जेवलोच नाही. बापूंना काय वाटत असेल, हे आज पहिल्यांदा मनात आलं.

दोष बुटांचा आहे. उजवा सैल आहे. बदलणे.

२ फेब्रुवारी, रविवार.

मसुदा तयार. काकासाहेबांची आमदारांकडे ओळख. (त्यांना मी माफ केलंय, गाडी त्यांची आहे.) आमदारसाहेब लग्नांना गेले होते, पीए भेटला. विचारलं, दाखला कुठला पाहिजे? दाखला नको, कायदा पाहिजे म्हणालो. त्यानं जरा वेळ माझ्याकडे बघितलं आणि चहा मागवला. कायदा समजावताना माझा पाय टेबलाला सारखा लागत होता. टेबल फार पुढे ठेवलंय. चहा थोडा त्याच्या फाईलवर सांडला. काकासाहेब म्हणाले, भाऊसाहेबांचा कायदा वल्ला झाला. सगळे हसले. मीही हसलो.

प्रत ठेवून आलो. बघतो म्हणाला. म्हणजे काम झाल्यात जमा.

१६ फेब्रुवारी, रविवार. रात्री ८.

आराधनाचा फोन. पप्पा, कधी देताय रक्त? मी म्हणालो, बेटा, मार्चमध्ये अधिवेशन आहे, विधेयक एकदा पटलावर येऊ दे. मला वाटलं रेंज गेली. मग शांतपणे म्हणाली, राहू द्या, मी माझंच दिलंय. डॉक्टरांनी आधी दोनदा बसवून सगळं समजावलं, विचारलं की नक्की का. मी एकटीच गेले होते.

एकटीच गेली होती. ते सारखं डोक्यात फिरतंय.

एकच मागितलं तिनं. पप्पा, रिपोर्टला वेळ आहे, तोवर कोणाला एक शब्द बोलू नका. रॉबिनला मी सांगेन, माझ्या वेळेनं. मी म्हणालो, बेटा, कलम एक कोणी लिहिलं? ती हसली. या वर्षात पहिल्यांदा हसली असेल.

१२ मार्च, बुधवार.

आज संध्याकाळी प्रार्थनासभा आमच्या घरी. मन फार भरलं होतं. पोरीचा रिपोर्ट कधीही येईल आणि बाप नुसता हातावर हात धरून बसलाय. (हात धरून ठेवलेला बराही राहतो.) चर्चच्या पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, कोणाच्या प्रार्थनेच्या विनंत्या? माझा हात वर गेला.

पूर्ण गोपनीयता पाळली. नाव घेतलं नाही. एवढंच म्हणालो की आपल्या मंडळीतली एक तरुण भगिनी, पुण्यात बँकेत आहे, मे महिन्यात लग्न ठरलंय, तिच्या आजोबांना एक आजार होता, तो तिच्या रक्तात नसावा म्हणून प्रार्थना करा. विजयमालानं माझ्याकडे असं बघितलं की मी खाली बसलो.

सगळ्यांनी कळवळून प्रार्थना केली. जाताना एकेक जण हात हातात घेऊन म्हणत होता, आराधनाचं नाव रोज घेऊ हं. आता मला सांगा, यांना कळलं कसं? लॅबमधूनच फुटलं असणार. मसुद्यात लॅबवाल्यांना तीन वर्षं सक्तमजुरीचं कलम वाढवलं.

१७ मार्च, सोमवार.

स्टीफनसाहेबांचा फोन. आवाज मऊ. म्हणाले, आमच्याकडच्या प्रार्थनेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विनंती आली, आम्ही उभयतांनी गुडघे टेकले. मी आभार मानले. मग म्हणाले, तुमच्या वडिलांबद्दल जुन्या लोकांकडून ऐकून होतो, पण आम्हाला वाटायचं नुसती दारू असेल.

नुसती दारू असती तर चाललं असतं त्यांना!

मग म्हणाले, पुष्कळ प्रार्थना केली भाऊसाहेब, पण या लग्नात प्रभूची इच्छा दिसत नाही. मी ताबडतोब कलम सहा सांगितलं: जनुकीय कारणावरून ठरलेला विवाह मोडता येणार नाही. त्यांनी नम्रपणे विचारलं, हा कायदा लागू कधी झाला? सध्या पीएकडे आहे म्हणालो.

अजून रिपोर्टसुद्धा आलेला नाही. नुसत्या आमेनवर लग्न मोडलं.

२३ मार्च, रविवार.

आराधनाचा फोन. एकच प्रश्न. पप्पा, तुम्ही सांगितलंत? मी म्हणालो, नाव घेतलं नव्हतं. ती म्हणाली, बरं. मग म्हणाली, पंधरा तारखेला, शनिवारी मी रॉबिनला सांगणार होते. कसं सांगायचं ते आरशासमोर म्हणून बघत होते. त्याला आधीच कळलं होतं. माझ्याकडून कळलं असतं तर तो थांबलाही असता कदाचित. आता ते मला कधीच कळणार नाही.

ओरडली असती तर बरं झालं असतं. फोन ठेवला. मी परत लावला. बंद.

विजयमाला माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, समोर ठेवते, आत जाते. आज धीर करून तिला म्हणालो, देवापुढेच तर बोललो ना मी. ती म्हणाली, देवाला ठाऊक हुतं की हो. तुमी बाकीच्यांना सांगितलं. नेवाशाची माहेरची बोली तिच्या तोंडी फक्त रडू आल्यावर येते.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे).

तीन तासांची उपासना. दर वर्षी वधस्तंभावर येशूनं काढलेल्या सात उद्गारांपैकी एकावर मी बोलतो. या वर्षी पाळकसाहेबांनी तो दुसऱ्याला दिला. म्हणाले, तुम्ही दमता हल्ली. माझे बूट बाकाखाली खटखट वाजत होते, पुढच्या बाईंनी दोनदा मागे बघितलं. बूट नवीन आहेत. मापाचे आहेत.

आराधना ईस्टरला येणार नाही. रिपोर्ट आलाय, एवढं तिच्या आईकडून कळलं. आईलाही काय आला ते सांगितलेलं नाही. मी फोन लावला, उचलला तिनं. म्हणालो, बेटा, काय आलं? ती म्हणाली, पप्पा, कलम एक. मी म्हणालो, अगं, मी बाप आहे तुझा. तर तिनं पुढचं पाठ म्हणून दाखवलं: अगदी आईबापालाही.

ठळक टाईपात मीच घ्यायला लावलं होतं.

मला पोरीची फार आठवण येते. काही सुचत नाही. आमदारांच्या पीएला आज फोन केला नाही.

४ मे, रविवार. दुपारी.

आराधना आली. न सांगता, सकाळच्या एसटीनं. वाळली आहे. आईच्या गळ्यात पडली, माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मी खूप काही बोलायचं ठरवलं होतं. म्हणालो, गाडीत जागा मिळाली का?

सकाळीच ठरवलं होतं की आता कायद्याची वाट बघायची नाही. सोमवारी पुण्याला जायचं आणि रक्त द्यायचं. तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, चहा करते.

कप आणले नाहीत तिनं. मांडणीवरचे स्टीलचे पेले काढले. माझ्यापुढे ठेवला, अर्धाच भरलेला. मी म्हणालो, एवढाच का गं? ती म्हणाली, पाहिजे तर परत देते.

माझ्या आईला तिनं कधी बघितलेलंही नाही. मीच कधीतरी सांगितलं असेल.

मग तिनं स्वतःचा पेला घेतला आणि समोर बसली. तोही अर्धाच होता. मी बघत राहिलो. तिचा हात अगदी स्थिर होता. सत्ताविसाव्या वर्षी कोणाचाही असतो. मी विचारलं नव्हतं, तरी म्हणाली, सवय करून घेतेय पप्पा.

आता मी रक्त द्यायची गरज उरली नाही.

मी रडलो. तिच्यादेखत रडलो. म्हणालो, माझ्याकडून आलं गं तुला. ती म्हणाली, ते तुमच्या हातात नव्हतं. जे हातात होतं त्याचं नाव तिनं घेतलं नाही. मीही घेतलं नाही. माझा चहा सांडला नाही.

जाताना म्हणाली, हे तरी कोणाला सांगू नका.

१४ मे, बुधवार. रात्री ९.

आजची तारीख दोन्ही घरांनी मोकळी ठेवली होती. हॉल रद्द केलेला, बँड रद्द केलेला. बुधवारच असल्यानं प्रार्थनासभा तेवढी होती. विजयमाला म्हणाली, चला. इतक्या दिवसांनी आपणहून बोललेला तो पहिला शब्द. गेलो.

शेवटच्या ओळीत बसलो. ठरवून गेलो होतो, तोंड उघडायचं नाही. पाळकसाहेबांनी विचारलं, कोणाच्या प्रार्थनेच्या विनंत्या? आणि माझा उजवा हात वर गेला. मी नेला नव्हता.

पाळकसाहेब म्हणाले, हां, भिंगारदिवे साहेब, बोला. सगळ्यांनी माना वळवल्या. प्रत्येकाला एकच ऐकायचं होतं: पोरीचं काय निघालं?

मी म्हणालो, विनंती काही नाही. हात आपोआप उठतो हल्ली. आमच्या बापूंचाही उठायचा. ते पीत नव्हते.

मग पाळकसाहेबांनी पुढची विनंती विचारली आणि कोणीतरी सासूच्या गुडघ्यांचं सांगितलं. विजयमालानं माझा हात धरून खाली घेतला, आपल्या मांडीवर ठेवला, आणि शेवटच्या आमेनपर्यंत सोडला नाही.